प्रकार १ मधुमेह असलेल्या मुलांचे आहारनियोजन

प्रकार १ मधुमेह असलेल्या मुलांचे आहारनियोजन म्हणजे मुलाचे जेवण, मधल्या वेळचे खाणे, इन्सुलिनची मात्रा आणि खेळ यांचा एकमेकांशी मेळ घालण्याची पद्धत होय. या आजारात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीकडून नष्ट होतात. त्यामुळे इन्सुलिन आयुष्यभर बाहेरून, टोचून अथवा पंपाद्वारे, द्यावे लागते. निरोगी शरीरात खाल्लेल्या अन्नाच्या प्रमाणात इन्सुलिन आपोआप स्रवते. प्रकार १ मधुमेहात हेच काम मुलाला आणि त्याच्या पालकांना दररोज, प्रत्येक जेवणाच्या वेळी, हिशेबाने करावे लागते.

या नियोजनाचा उद्देश मुलाचे खाणे कमी करणे हा नसतो. मुलाची उंची व वजन वयानुसार वाढावे, रक्तशर्करा शक्यतो ठरलेल्या मर्यादेत राहावी आणि घरातील इतरांप्रमाणेच त्याला जेवता यावे, अशी तीन उद्दिष्टे त्यामागे असतात. या लेखातील आकडे ठोकळ असून विषय समजावा यासाठी दिले आहेत. प्रत्यक्ष इन्सुलिनची मात्रा आणि आहाराचा आराखडा मुलावर उपचार करणारे डॉक्टर व आहारतज्ज्ञ ठरवतात.

## प्रकार २ मधुमेहाच्या पथ्याशी फरक

भारतात बहुसंख्य मधुमेही व्यक्तींना प्रकार २ मधुमेह असतो. त्यामुळे ‘मधुमेहाचे पथ्य’ म्हणून समाजात रूढ असलेल्या कल्पना, उदा. भात वर्ज्य करणे, वजन घटवणे, फळे टाळणे, बव्हंशी प्रौढांच्या प्रकार २ मधुमेहावरून आलेल्या आहेत. प्रकार २ मधुमेहात शरीरात इन्सुलिन असते, परंतु त्याचा परिणाम अपुरा पडतो. तेथे आहार आणि वजन आटोक्यात आणल्याने मोठा लाभ होतो.

प्रकार १ मधुमेहात मूळ उणीव इन्सुलिनची असते आणि ती खाणे कमी करून भरून निघत नाही. निदानाच्या वेळी अशी मुले बहुधा रोडावलेली असतात, कारण इन्सुलिनअभावी रक्तातील ग्लुकोज पेशींना वापरता येत नाही आणि शरीर स्वतःची चरबी व स्नायू जाळू लागते. अशा मुलाला आजोबा-आजींचे पथ्य लावल्यास त्याची वाढ खुंटण्याचा धोका असतो. दिवसातून दोनच वेळा जेवण्याच्या किंवा कर्बोदके जवळजवळ बंद करण्याच्या पद्धतीही वाढत्या वयाच्या मुलांसाठी योग्य मानल्या जात नाहीत.

## इतिहास

इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी या आजारावर अर्धपोटी ठेवण्याखेरीज उपाय नव्हता. अमेरिकेतील फ्रेडरिक अॅलन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उपासमारीवर आधारित आहार रूढ केला. त्यामुळे रुग्ण काही महिने किंवा काही वर्षे अधिक जगत, परंतु मुले अक्षरशः हाडांचा सापळा होत.

१९२१ मध्ये टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी जे. जे. आर. मॅक्लाऊड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडापासून अर्क तयार केला. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला तो प्रथम देण्यात आला. तेव्हा त्याचे वजन जेमतेम ३० किलोग्रॅम होते. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी बँटिंग यांच्या उपचाराखाली आली. तीन वर्षे अॅलन यांच्या आहारावर काढल्यानंतर, पंधराव्या वर्षी तिचे वजन सुमारे २० किलोग्रॅम उरले होते. इन्सुलिन सुरू झाल्यावर ती पुन्हा पोटभर जेवू लागली आणि १९८१ पर्यंत जगली.

त्यानंतरही अनेक दशके मुलांना काटेकोर मोजमापाचा, ठराविक वेळांचा आणि साखर वर्ज्य केलेला आहार दिला जाई. १९५० मध्ये अमेरिकेत समान पोषणमूल्यांच्या पदार्थांच्या याद्या प्रसिद्ध झाल्या आणि एका पदार्थाऐवजी दुसरा निवडण्याची मुभा मिळाली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीने, रक्तशर्करा काटेकोरपणे राखल्यास डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतूंचे विकार लक्षणीय प्रमाणात टळतात हे दाखवले. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे विकसित झालेल्या आणि पुढे ब्रिटनने स्वीकारलेल्या प्रशिक्षणपद्धतीने विचाराची दिशा उलटी केली. ठरलेल्या इन्सुलिनसाठी जेवण बेतण्याऐवजी, जेवणानुसार इन्सुलिन बेतण्यास रुग्णांना शिकवण्यात येऊ लागले. आजचे आहारनियोजन याच विचारावर उभे आहे.

## ऊर्जेची गरज आणि आहाराचे घटक

प्रकार १ मधुमेह असलेल्या मुलाला त्याच वयाच्या इतर मुलांइतकीच ऊर्जा लागते. प्राथमिक अंदाजासाठी एक सोपे सूत्र वापरले जाते: १००० किलोकॅलरी अधिक वयाच्या प्रत्येक वर्षामागे १०० किलोकॅलरी. या सूत्राने आठ वर्षांच्या मुलाला सुमारे १८०० किलोकॅलरी लागतात. पुढे मुलाची भूक, वाढीचा आलेख आणि हालचाल पाहून हा आकडा बदलला जातो.

बाल व कुमारवयीन मधुमेहावर काम करणाऱ्या ‘इस्पॅड’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार दिवसाच्या ऊर्जेपैकी ४० ते ५० टक्के कर्बोदकांतून, ३० ते ४० टक्के स्निग्ध पदार्थांतून आणि १५ ते २५ टक्के प्रथिनांतून मिळावी.

* कर्बोदके – धान्ये, कडधान्ये, कंदमुळे, फळे, दूध आणि साखर-गूळ यांत असतात. जेवणानंतरच्या रक्तशर्करेवर सर्वाधिक परिणाम यांचाच होतो.
* प्रथिने – डाळी, दूध, अंडी, मासे, मांस, शेंगदाणे यांतून मिळतात. महाराष्ट्रातील शाकाहारी ताटात पोळी-भाताच्या तुलनेत वरण पातळ व थोडे असते. त्यामुळे घट्ट वरण, उसळ, पिठले आणि दही यांचे प्रमाण जाणीवपूर्वक वाढवावे लागते.
* स्निग्ध पदार्थ – यांनी रक्तशर्करा लगेच वाढत नाही, परंतु अन्नाचे पचन लांबते. बटाटेवडा, पुरी किंवा पिझ्झा खाल्ल्यानंतर दोन तासांनी समाधानकारक दिसणारी रक्तशर्करा पाच-सहा तासांनी वाढलेली आढळते, ती यामुळे.
* तंतुमय पदार्थ – पालेभाज्या, कोशिंबिरी, सालीसकट कडधान्ये आणि कोंड्यासह पीठ यांतून मिळतात. यांनी रक्तशर्करेचा चढ संथ होतो.

१९८१ मध्ये टोरोंटो विद्यापीठातील डेव्हिड जेनकिन्स व सहकाऱ्यांनी ग्लायसेमिक निर्देशांकाची कल्पना मांडली. समान कर्बोदके असली तरी काही पदार्थ रक्तशर्करा झपाट्याने वाढवतात आणि काही सावकाश, असे हा निर्देशांक दाखवतो. मऊ पांढरा पाव आणि मुगाची उसळ यांतील फरक त्यावरून समजतो. मात्र तो मोजणीला पूरक आहे, पर्याय नाही. आधी कर्बोदके किती हे पाहावे, मग ती किती वेगाने रक्तात उतरतील याचा विचार करावा, असा क्रम सांगितला जातो.

## कर्बोदकांची मोजणी

जेवणातील कर्बोदकांचे ग्रॅम मोजून त्यानुसार इन्सुलिन देणे ही आज सर्वाधिक मान्य असलेली पद्धत आहे. पाकिटबंद पदार्थांवर कर्बोदकांचे प्रमाण छापलेले असते. घरच्या अन्नासाठी हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते उपयोगी पडतात. नेहमीच्या काही पदार्थांतील ठोकळ प्रमाण पुढीलप्रमाणे आहे:

| पदार्थ | माप | कर्बोदके (सुमारे, ग्रॅम) |
|---|---|---|
| पोळी (३० ग्रॅम कणकेची) | १ | २० |
| ज्वारीची भाकरी (६० ग्रॅम पिठाची) | १ | ४० |
| शिजवलेला भात | १०० ग्रॅम | २८ |
| कांदेपोहे (४० ग्रॅम कोरड्या पोह्यांचे) | १ बशी | ३० |
| तुरीचे घट्ट वरण (२५ ग्रॅम डाळीचे) | १ वाटी | १५ |
| मुगाची उसळ (३० ग्रॅम कोरड्या मुगांची) | १ वाटी | १७ |
| लादीपाव (४० ग्रॅम वजनाचा) | १ | २० |
| उकडलेला बटाटा | १०० ग्रॅम | २० |
| साबुदाणा (कोरडा) | ५० ग्रॅम | ४४ |
| सोललेले केळे | १०० ग्रॅम | २३ |
| आंब्याचा गर | १०० ग्रॅम | १५ |
| दूध (साखरेविना) | २०० मिलिलिटर | १० |
| साखर | १ सपाट चहाचा चमचा | ५ |
| अंडे, मासे, मटण | – | नगण्य |

एका घरची पोळी दुसऱ्या घरच्या पोळीएवढी नसते आणि ‘एक वाटी’ हे मापही घरोघरी वेगळे असते. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा ठेवून कणकेचा गोळा, भात आणि पिठे तोलण्याचा सल्ला दिला जातो. रोज तीच वाटी व तोच डाव वापरला की पुढे नजरेने अंदाज येऊ लागतो. अधूनमधून तो काट्यावर पडताळून पाहणे मात्र आवश्यक असते.

### मिश्र पदार्थांचा हिशेब

अनेक जिन्नस असलेल्या पदार्थाची कर्बोदके काढण्यासाठी कोरड्या जिन्नसांची बेरीज करून नगांनी भागतात. उदाहरणार्थ, पुरणपोळीसाठी २०० ग्रॅम हरभरा डाळ (सुमारे १२० ग्रॅम कर्बोदके), २०० ग्रॅम गूळ (सुमारे १९०) आणि २०० ग्रॅम कणीक (सुमारे १४०) घेतली, तर एकूण कर्बोदके ४५० ग्रॅम होतात. एवढ्यात दहा पोळ्या झाल्या, तर एका पोळीत सुमारे ४५ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे साध्या दोन पोळ्यांहून थोडी अधिक. हाच रिवाज थालीपीठ, ढोकळा, शिरा, खीर आणि लाडू यांना लागू पडतो.

### इन्सुलिनशी प्रमाण

एक युनिट जलद इन्सुलिन किती ग्रॅम कर्बोदकांना पुरते, हे प्रत्येक मुलाचे स्वतंत्र प्रमाण असते. त्याच्या पहिल्या अंदाजासाठी डॉक्टर ५०० या संख्येला दिवसभराच्या एकूण इन्सुलिनने भागतात. दिवसाला २० युनिट लागणाऱ्या मुलाचे प्रमाण ५०० ÷ २० = २५ ग्रॅम येते. त्याने वरील मापाची एक पुरणपोळी खाल्ली, तर तिच्यापुरते ४५ ÷ २५ = सुमारे १.८ युनिट इन्सुलिन लागेल. हे सूत्र केवळ आरंभबिंदू आहे. सकाळच्या वेळी अनेक मुलांना त्याच कर्बोदकांसाठी अधिक इन्सुलिन लागते, तसेच वयात येताना गरज वाढते. जेवणापूर्वीच्या आणि जेवणानंतरच्या नोंदी पाहून प्रमाण वेळोवेळी सुधारले जाते.

## इन्सुलिनची पद्धत आणि मधल्या वेळचे खाणे

मुलाला मधल्या वेळी खायला द्यावेच का, या प्रश्नाचे उत्तर तो कोणते इन्सुलिन घेतो यावर अवलंबून असते. नातेवाइकांकडून किंवा दुसऱ्या मुलाच्या पालकांकडून ऐकलेला आराखडा आपल्या मुलाला जसाच्या तसा लागू न पडण्याचे हे मुख्य कारण आहे.

दिवसातून दोनदा मिश्र इन्सुलिन घेणाऱ्या मुलांत सकाळच्या एकाच टोचणीत जलद व मध्यम असे दोन्ही प्रकार असतात. त्यातील साधे (रेग्युलर) इन्सुलिन दोन ते चार तासांनी आणि मध्यम इन्सुलिन साधारणतः चार ते बारा तासांच्या दरम्यान सर्वाधिक प्रभावी असते. एकदा टोचलेले इन्सुलिन परत घेता येत नाही. त्यामुळे अशा मुलाने सकाळच्या मधल्या सुट्टीत, दुपारी, सायंकाळी आणि गरजेनुसार झोपताना ठरलेल्या वेळी व ठरलेल्या प्रमाणात खाणे अनिवार्य ठरते. जेवण तासभर लांबले तरी रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

दीर्घ व जलद इन्सुलिनची स्वतंत्र योजना असलेल्या मुलांना दिवसातून एकदा (क्वचित दोनदा) दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणापूर्वी जलद इन्सुलिन दिले जाते. पंप वापरणाऱ्यांची रीतही तत्त्वतः अशीच असते. या पद्धतीत मधल्या वेळी खाणे बंधनकारक नसते आणि जेवणाची वेळ मागेपुढे करता येते. मात्र मधल्या वेळी कर्बोदके खाल्ली, तर बहुधा त्यासाठीही इन्सुलिन घ्यावे लागते. दर तासा-दीड तासाने थोडेथोडे खात राहिल्यास रक्तशर्करा खाली येण्यास अवसरच मिळत नाही. म्हणून दोन खाण्यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे श्रेयस्कर मानले जाते.

टोचण्याची वेळही महत्त्वाची असते. साधे इन्सुलिन जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास, तर आधुनिक जलद इन्सुलिन सुमारे १० ते १५ मिनिटे आधी घेतल्यास जेवणाचा चढ आणि इन्सुलिनचा प्रभाव एकमेकांशी जुळतात. रक्तशर्करा आधीच कमी असेल, तर मात्र प्रथम ती सावरावी लागते.

मधल्या वेळच्या खाण्यासाठी भाजलेले चणे, शेंगदाणे, उकडलेले अंडे, दही, ताक, काकडी, मोड आलेली कडधान्ये, एखादे फळ, छोटे थालीपीठ, नाचणीचे धिरडे असे पदार्थ सोयीचे ठरतात. बिस्किटे, फरसाण आणि बाटलीबंद पेये रोजच्या खाण्यात नसावीत, हा नियम मधुमेह नसलेल्या मुलांनाही तेवढाच लागू आहे.

## एका दिवसाचा नमुना

सुमारे आठ वर्षांच्या, दिवसाला १८०० किलोकॅलरी लागणाऱ्या मुलासाठी दिवसाच्या कर्बोदकांची एक शक्य विभागणी:

* न्याहारी: एक बशी कांदेपोहे शेंगदाणे घालून, एक पेला दूध – सुमारे ४० ग्रॅम
* शाळेची मधली सुट्टी: एक पोळी शेंगदाण्याची चटणी व तूप लावून गुंडाळलेली – सुमारे २० ग्रॅम
* दुपारचे जेवण: दोन पोळ्या, भाजी, कोशिंबीर, अर्धी वाटी भात, अर्धी वाटी वरण – सुमारे ६५ ग्रॅम
* सायंकाळ: मूठभर फुटाणे, एक पेला दूध – सुमारे २० ग्रॅम
* रात्रीचे जेवण: एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, एक वाटी मुगाची उसळ, थोडे दही – सुमारे ६० ग्रॅम
* झोपताना (आवश्यक असल्यास): लहान कप दूध – सुमारे ७ ग्रॅम

बेरीज सुमारे २१० ग्रॅम होते. एका ग्रॅम कर्बोदकातून ४ किलोकॅलरी मिळतात. म्हणजेच ८४० किलोकॅलरी, दिवसाच्या ऊर्जेच्या सुमारे ४७ टक्के, कर्बोदकांतून मिळते. या यादीतील एकही पदार्थ ‘मधुमेहींसाठी’ वेगळा शिजवलेला नाही. संपूर्ण कुटुंबाने एकच ताट जेवावे, हे या नियोजनाचे महत्त्वाचे सूत्र आहे.

## शाळा आणि डबा

मूल दिवसातील पाच-सहा तास पालकांच्या नजरेआड असते, म्हणून शाळेतील खाणे हा नियोजनाचा सर्वांत नाजूक भाग ठरतो. डब्यात किती कर्बोदके आहेत याची चिठ्ठी झाकणावर चिकटवणे, डब्यातील किती खाल्ले हे मुलाने घरी सांगणे, आणि मित्राच्या डब्यातील घास घेतल्यास तेही न भिता सांगणे, या सवयी लावल्या जातात. उरलेल्या डब्याबद्दल किंवा घेतलेल्या घासाबद्दल मुलाला रागावल्यास ते लपवू लागते आणि मग इन्सुलिनचा हिशेब चुकतो.

शासकीय व अनुदानित शाळांतील शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्याला दररोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ असे प्रमाण ठरलेले आहे. एवढ्या तांदूळ-डाळीच्या खिचडीत सुमारे ९० ग्रॅम कर्बोदके असतात. वरील नमुन्यातील संपूर्ण दुपारच्या जेवणापेक्षा हे प्रमाण अधिक आहे. मुलाने ही खिचडी खाण्यास हरकत नसते. मात्र त्याच्या ताटात ठरलेल्या मापाचा डाव वाढला जावा आणि त्यानुसार इन्सुलिन मिळावे, यासाठी मुख्याध्यापक व स्वयंपाकी यांच्याशी आधी बोलावे लागते.

शिक्षकांना पुढील बाबी ठाऊक असणे आवश्यक मानले जाते:

* खाण्याची वेळ झाली असेल किंवा रक्तशर्करा कमी झाली असेल, तर मुलाला तास सुरू असतानाही खाऊ द्यावे.
* रक्तशर्करा वाढली असता तहान लागते व वारंवार लघवी होते. पाणी पिण्यास व स्वच्छतागृहात जाण्यास मनाई करू नये.
* एकाएकी घाम येणे, हात थरथरणे, चिडचिड, अक्षर बिघडणे, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता शून्यात पाहणे ही रक्तशर्करा कमी झाल्याची चिन्हे असू शकतात. ती बेशिस्त समजून शिक्षा केल्यास अनर्थ ओढवू शकतो.
* अशा वेळी मुलाला एकटे घरी किंवा कार्यालयात पाठवू नये. वर्गातच साखर द्यावी.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये प्रकार १ मधुमेह असलेल्या परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळे, खाऊ आणि पाणी परीक्षागृहात नेण्यास परवानगी दिली.

## खेळ आणि व्यायाम

खेळताना स्नायू रक्तातील ग्लुकोज वेगाने वापरतात. इन्सुलिन कमी न करता तासभर खो-खो, कबड्डी किंवा फुटबॉल खेळल्यास मुलाला वजनाच्या दर किलोग्रॅममागे सुमारे १ ग्रॅम, प्रसंगी त्याहून थोडी अधिक, जादा कर्बोदके लागू शकतात. म्हणजे २५ किलोग्रॅम वजनाच्या मुलाला एक केळे किंवा एक पोळी व थोडा गूळ एवढे खाणे पुरते. पूर्वनियोजित खेळापूर्वी जेवणाचे इन्सुलिन कमी करणे हा दुसरा मार्ग असून तो डॉक्टरांकडून शिकून घ्यावा लागतो. सायंकाळी दमछाक करणारा खेळ झाला, तर त्याचा परिणाम रात्रभर, अगदी दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकू शकतो. अशा दिवशी झोपण्यापूर्वी रक्तशर्करा तपासून गरजेनुसार दूध किंवा पोळी दिली जाते.

## रक्तशर्करा कमी होणे

रक्तशर्करा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेल्यास तातडीने उपाय करावा लागतो. या वेळी पोटभर अन्न देणे हा उपाय नव्हे. लवकर रक्तात उतरणारी साखर द्यायची असते आणि तिचे प्रमाण वजनाच्या दर किलोग्रॅममागे ०.३ ग्रॅम असते. ३० किलोग्रॅम वजनाच्या मुलाला सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे दोन सपाट चमचे साखर किंवा तेवढीच ग्लुकोजची पूड पाण्यात विरघळवून दिली जाते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि पातळी अद्याप कमी असल्यास तेवढीच साखर पुन्हा द्यावी. पुढील जेवणास बराच अवकाश असेल, तर त्यानंतर अर्धी पोळी किंवा एखादे बिस्किट देतात.

चॉकलेट, पेढा, बर्फी किंवा आइस्क्रीम यांतील स्निग्धांशामुळे साखर उशिरा रक्तात उतरते, म्हणून या प्रसंगी ते योग्य नव्हेत. कृत्रिम गोडी असलेल्या पेयांचा तर काहीच उपयोग होत नाही. मूल बेशुद्ध असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवून, उपलब्ध असल्यास ग्लुकागॉन टोचून, विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

## आजारपणातील आहार

ताप किंवा उलट्या सुरू असताना मूल जेवत नाही, म्हणून इन्सुलिन पूर्णपणे बंद करणे ही जीवघेणी चूक ठरू शकते. आजारपणात शरीराची इन्सुलिनची गरज अनेकदा वाढते. इन्सुलिन न मिळाल्यास रक्तात कीटोन नावाची आम्ले साचतात आणि कीटोआम्लता हा गंभीर विकार उद्भवतो. दीर्घ इन्सुलिन चालू ठेवून मात्रेतील बदल डॉक्टरांना विचारून केला जातो. मुलाला तांदळाची पेज, मुगाचे कढण, ताक, शहाळ्याचे पाणी असे पातळ पदार्थ घोटाघोटाने दिले जातात. रक्तशर्करा कमी असल्यास त्यांत साखर घालतात, जास्त असल्यास साधे पाणी व मिठाचे ताक देतात. रक्तशर्करा व कीटोन काही तासांच्या अंतराने तपासावे लागतात. उलट्या न थांबणे, पोटदुखी, जोराने धाप लागल्यासारखा श्वास, श्वासाला फळांसारखा वास किंवा गुंगी ही रुग्णालयात जाण्याची लक्षणे आहेत.

## सण, उपवास आणि समारंभ

गोड पदार्थ पूर्णतः वर्ज्य करण्याची प्रथा आता मागे पडली आहे. उकडीचे मोदक, तिळगूळ, करंजी किंवा वाढदिवसाचा केक यांतील कर्बोदके मोजून, त्यानुसार इन्सुलिन घेऊन मुलाला ते मर्यादित प्रमाणात खाता येतात. गोड पदार्थ एकटा न खाता जेवणासोबत खाणे आणि ताटातील भात-पोळी तेवढ्या प्रमाणात कमी करणे हिताचे असते. एका मध्यम हापूस आंब्यात साधारण एका पोळीइतकी कर्बोदके असतात. साखर घातलेला वाटीभर आमरस मात्र त्याच्या कितीतरी पुढे जातो.

लहान मुलांनी निराहार उपवास करू नये. फराळाचा उपवासही नावाइतका हलका नसतो. साबुदाणा जवळजवळ संपूर्ण स्टार्च असून ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या खिचडीत, बटाटा धरून, ५० ग्रॅमहून अधिक कर्बोदके भरतात. दाण्याचे कूट, दही व काकडी यांचे प्रमाण वाढवल्यास हा पदार्थ थोडा संतुलित होतो.

## वयानुसार येणाऱ्या अडचणी

शिशुवयात मुलाची भूक लहरी असते. इन्सुलिन दिल्यावर मूल जेवण्यास नकार देते आणि पालक हवालदिल होतात. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने इन्सुलिनचा काही भाग जेवणापूर्वी व उरलेला प्रत्यक्ष खाल्ल्यानंतर देता येतो. ताटाभोवती रोज झटापट होऊ न देणे हे रक्तशर्करेच्या एखाद्या आकड्याइतकेच महत्त्वाचे असते.

शालेय वयात मूल स्वतः मोजणी शिकू शकते. पोळ्या मोजणे, पाकिटावरील आकडे वाचणे, बेरीज व भागाकार करणे हे त्याच्या अभ्यासाच्या आवाक्यातील असते.

कुमारवयात मित्रांसोबत बाहेरचे खाणे वाढते आणि वेगळे दिसण्याचा संकोच वाटू लागतो. काही मुले, विशेषतः मुली, वजन घटवण्यासाठी मुद्दाम इन्सुलिन टाळतात. हा गंभीर प्रश्न असून त्यासाठी रागावणे नव्हे, तर समुपदेशन लागते. ‘चांगले’ व ‘वाईट’ अन्न अशी वर्गवारी आणि प्रत्येक वाढलेल्या आकड्याची उलटतपासणी यांमुळे अन्नाविषयी अपराधीपणा रुजतो, असे तज्ज्ञ सांगतात.

## सिलियाक आजार

प्रकार १ मधुमेह असलेल्या मुलांत सिलियाक आजार इतरांपेक्षा अधिक आढळतो. त्यात गहू, सातू यांतील ग्लुटेन हे प्रथिन सोसत नाही. अशा मुलांना ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ चालतात, त्यामुळे महाराष्ट्रातील भाकरीची परंपरा येथे साहाय्यभूत होते. मात्र गिरणीत गव्हानंतर लगेच दळलेल्या ज्वारीच्या पिठात गव्हाचे पीठ मिसळते. म्हणून धान्य घरघंटीवर स्वतंत्रपणे दळून घेणे सुरक्षित असते.

## प्रचलित गैरसमज

* ‘गोड खाल्ल्याने मुलाला मधुमेह झाला.’ प्रकार १ मधुमेह हा प्रतिकारशक्तीशी संबंधित विकार आहे. त्यात मुलाचा किंवा आईवडिलांचा दोष नसतो.
* ‘साखरेऐवजी गूळ किंवा मध चालतो.’ दोन्हींमुळे रक्तशर्करा साखरेप्रमाणेच वाढते आणि त्यांचाही हिशेब धरावा लागतो.
* ‘शुगर-फ्री पदार्थ हवे तेवढे खावेत.’ अशा बिस्किटांत साखर नसली, तरी मैद्यातील कर्बोदके असतातच.
* ‘कारल्याचा रस, मेथी किंवा एखादा काढा घेतल्यास इन्सुलिन सोडता येते.’ कारले व मेथी भाजी म्हणून उत्तम आहेत, परंतु त्या इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाहीत. निदानानंतर काही आठवडे वा महिने उरलेल्या बीटा पेशी थोडे इन्सुलिन तयार करतात व बाहेरील गरज घटते. या काळात सुरू केलेल्या औषधाला गुण आल्याचा भास होतो. अशा वेळी इन्सुलिन थांबवल्यास मुलाच्या प्राणांवर बेतू शकते.

## हे सुद्धा पाहा

* मधुमेह
* इन्सुलिन
* स्वादुपिंड
* कर्बोदके
* सिलियाक आजार
* फ्रेडरिक बँटिंग